पोषणशास्त्राचे उच्च शिक्षण आणि खेड्यातले ताट

(पोलादपूर तालुक्यातील कापडे येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. पोषणशास्त्र आणि जैववैद्यक यांचे पदव्युत्तर शिक्षण हा काय कापड्यासारख्या गावात बसून बोलण्याचा विषय आहे? जिथली मुले बारावीचा निकाल लागला की मुंबईची एस.टी. धरतात, जिथे पावसाळ्यात रस्ता टिकला तरच दवाखाना जवळ, तिथे एम.एस्सी. आणि पीएच.डी.च्या गप्पा कशाला? शंका रास्त आहे. परंतु याच शंकेच्या आडोशाने काही शास्त्रे आपल्या हातून निसटली आणि ज्यांच्या हाती गेली त्यांनी आपल्या ताटात किती असावे हे परस्पर ठरवले. म्हणून हा विषय.

प्रारंभ शेजारच्या महाड तालुक्यापासून करणे योग्य. १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हिंमतराव बावस्कर नावाचा एक तरुण डॉक्टर रुजू झाला. जालन्याकडच्या देहेड या खेड्यातून आलेला, नागपुरास एम.बी.बी.एस. झालेला. त्याच्यासमोर जे रुग्ण येत त्यांत लाल विंचू चावलेले पुष्कळ असत. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. भाताचा पेंढा उचलताना, लाकडाची मोळी सोडताना, जमिनीवर अंथरलेल्या गोधडीत, तो कुठेही असतो. घामाने निथळलेला, हातपाय गार पडलेला, ओकाऱ्या होणारा धडधाकट माणूस काही तासांत तोंडाला फेस येऊन मरे. पाठ्यपुस्तकात या मृत्यूचे समाधानकारक स्पष्टीकरण नव्हते, कारण पाठ्यपुस्तके जिथे लिहिली जातात तिथे हा विंचू नाही.

बावस्करांनी जे केले ते वरकरणी अगदी साधे होते. ते रुग्णाच्या उशाशी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, श्वास यांची तासातासाची नोंद ठेवली. त्यातून उलगडले ते असे: विंचवाचे विष मज्जातंतूंमधील सोडियमची द्वारे उघडी ठेवते, त्यामुळे ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा शरीरात पूर येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब भडकतो, मग हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते. माणूस मरतो तो या पाण्याने. ही निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. मधल्या काळात त्यांनी पुण्यास एम.डी. केले आणि ते पुन्हा महाडकडे आले. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी प्रॅझोसिन ही रक्तदाबावरची स्वस्त गोळी या रुग्णांना वाचवते, हे १९८६ साली त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी त्याच नियतकालिकातून मांडले. शंभरांत चाळीसच्या घरात असलेले मृत्यू पुढे एकाच्या आसपास आले. २०११ साली विंचवाची लस आणि ही गोळी यांच्या एकत्रित उपयोगाची त्यांची चाचणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केली. ती चाचणीही महाडचीच.

या कथेत व्यक्तीचा पराक्रम आहे, आणि २०२२ च्या पद्मश्रीने सरकारनेही तो मान्य केला. कार्यकर्त्याने मात्र त्यापलीकडचे पाहावे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर हे निरीक्षण करू शकला, कारण हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे शास्त्र त्याला खोलवर अवगत होते. उच्च शिक्षण नसते तर करुणा उरली असती, उपाय नसता. आणि दुसरे असे की, मोठ्या शहरांतल्या सुसज्ज संस्थांनी हा प्रश्न घेतला नव्हता. विंचू चावतो तो अनवाणी माणसाला. त्याच्यापाशी पैसा नाही, म्हणून त्याच्या औषधाला बाजार नाही. अर्थशास्त्रात याला मागणीचा अभाव म्हणतात. गरज आणि मागणी यांतला फरक शिकवायला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

आता पोषणशास्त्राकडे वळू. या शास्त्रात महाराष्ट्राचे घर मोठे आहे, पण त्याच्या दारावर पहिल्यांदा टकटक झाली तेव्हा दार उघडले गेले नव्हते. १९३३ साली मुंबई विद्यापीठातून पदवी घेतलेल्या कमला भागवत बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश मागायला गेल्या. संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन, नोबेल पारितोषिकाचे मानकरी. मुलगी म्हणून त्यांनी नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. गांधीयुगातील ती मुलगी होती, तिने सत्याग्रहाचीच भाषा केली. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर, वर्षभर परीक्षाधीन राहून. श्रीनिवासय्यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. पुढे केंब्रिजला वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम-सी या द्रव्यावर संशोधन करून १९३९ साली पीएच.डी. मिळवली. प्रबंध अवघा चाळीस पानांचा. आजच्या जाडजूड प्रबंधांची वजने पाहिली म्हणजे ही गोष्ट विद्यापीठांच्या दारावर लिहून ठेवावीशी वाटते.

लक्षात ठेवण्याजोगे काम त्यांनी परतल्यावर केले. काही काळ त्या निलगिरीतील कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत होत्या. याच प्रयोगशाळेचे बिऱ्हाड १९५८ मध्ये हैदराबादला हलले आणि १९६९ पासून ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. लग्नानंतर, कमला सोहोनी म्हणून, त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या आणि त्यांनी विद्यार्थ्यांना कामाला लावले ते नीरेच्या, ताडगुळाच्या आणि गरिबाच्या कडधान्यांच्या अभ्यासाला. नीरेतील जीवनसत्त्वे आणि लोह कुपोषित मुलांना व गरोदर स्त्रियांना उपयोगी पडते काय, असा तो प्रश्न होता. राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून हे काम हाती घेतले गेले आणि त्याला पुढे राष्ट्रपती पुरस्कारही मिळाला. केंब्रिजहून आलेल्या जीवरसायनशास्त्रज्ञाने ताडाच्या झाडाखाली येऊन उभे राहावे, ही दिशा महत्त्वाची. आज उलटी वाट अधिक रुळलेली दिसते.

पण पोषणशास्त्र म्हणजे पाकशास्त्राचे थोरले भावंड, मुलींनी लग्न होईपर्यंत शिकण्याचा विषय, हा समज आपल्या पुरोगामी घरांतूनही गेलेला नाही. त्याला पहिले उत्तर आकड्यांच्या रणांगणावर मिळते.

१९७१ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरचा आपला प्रबंध प्रसिद्ध केला. माणशी दररोज २२५० कॅलरी मिळवून देणारा खर्च ही त्यांची कसोटी. १९६०-६१ च्या भावांनी ग्रामीण भागात दरमहा १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये. या रेषेखाली खेड्यांतील सुमारे चाळीस टक्के आणि शहरांतील सुमारे पन्नास टक्के लोक निघाले. देशभर खळबळ उडाली. आपल्या चळवळीच्या भाषणांतून ते आकडे किती वर्षे घुमत राहिले, हे जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल.

यावर आक्षेप घेतला तोही पुण्यातूनच, आणि आक्षेप घेणारा माणूस हलका नव्हता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. संख्याशास्त्रज्ञ. १९५१ पासून सुमारे वीस वर्षे त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत काढली होती. गरिबाला प्रथिनांची टंचाई नाही, मुळात पोटभर अन्नाचीच टंचाई आहे, हे जगाला ठणकावून सांगणाऱ्यांत ते अग्रेसर होते. श्रीमंत देशांतील प्रथिनभुकटीचे डबे भारतात विकायला निघालेल्यांना या प्रतिपादनाने चांगलीच अडचण झाली. त्यासाठी सुखात्म्यांचे ऋण मानलेच पाहिजे.

परंतु दारिद्र्यरेषेबाबत त्यांचे म्हणणे वेगळे होते. ते नीट समजून घ्यावे, कारण ते वाटते तितके गरीबविरोधी नव्हते. सारखे काम करणाऱ्या दोन निरोगी माणसांची गरज सारखी नसते. एवढेच नव्हे, एकाच माणसाचे खाणे आणि खर्चणे या आठवड्यात एक, पुढच्यात दुसरे असते, आणि शरीर ते आपोआप सावरून घेते. मग सरासरी गरज हीच रेषा धरली तर कित्येक निरोगी माणसेही भुकेली म्हणून मोजली जातील. रेषा सरासरीच्या बरीच खाली, दोन प्रमाण-विचलनांइतकी खाली, धरावी. तशी धरली की कुपोषितांची संख्या एकदम आक्रसते.

दांडेकरांनी १९८१ साली या युक्तिवादाचा समाचार घेतला. दारिद्र्य आणि कुपोषण या दोन गोष्टी एक नाहीत, दारिद्र्यरेषा ही शरीरशास्त्राची रेषा नव्हे, हा त्यांच्या उत्तराचा गाभा. त्याला सामान्य बुद्धीचीही जोड देता येते. माणसांच्या गरजा कमीजास्त असतात हे खरे, पण कमी गरज असलेली माणसे नेमकी भूमिहीनांच्याच झोपड्यांत का जन्मावीत? कमी खाणारा हा नेहमी कमी पैसेवालाच निघत असेल, तर शरीराच्या लवचीकतेचा तो पुरावा होत नाही. तो रिकाम्या खिशाचा पुरावा होतो.

वादाची पुढची पायरी अधिक धोक्याची होती. १९८२ साली पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने सुखात्म्यांच्या संपादनाखाली एक ग्रंथ काढला. त्यात डेव्हिड सेक्लर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाचा लेख होता. लहानखुरे पण निरोगी, असे त्याचे सूत्र. भारतातली पुष्कळ मुले बुटकी आहेत, पण ती आजारी नाहीत, त्यांनी कमी अन्नाशी जुळवून घेतले आहे, असे तो म्हणत होता. अर्थखात्यातील कोणाला हे संगीतासारखे गोड लागले नसते? डॉ. सी. गोपालन यांनी, जे पूर्वी राष्ट्रीय पोषण संस्थेचे आणि नंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे प्रमुख होते, १९८३ मध्ये याचा कडक प्रतिवाद केला. बुटकेपणा ही दारिद्र्याने अंगावर कोरलेली खूण आहे, तिला आरोग्य म्हणणे म्हणजे वंचनेला मान्यता देणे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय.

शब्दांनी हा वाद सुटण्यासारखा नव्हता. जुळवून घेतलेल्या शरीराला पुढे काय किंमत मोजावी लागते, हे कोणीतरी वर्षानुवर्षे मोजायला हवे होते. ते काम पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सुरू केले. गरोदरपणाआधीच स्त्रियांची मोजमापे घेतली. सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास, उंची १५२ सेंटिमीटर. शेतात राबणाऱ्या, विहिरीवरून पाणी आणणाऱ्या या बायका. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधील साऊदॅम्प्टनची साडेतीन किलोची. इथवर नवल नाही. नवल असे की ही बाळे सर्व बाजूंनी सारखी लहान नव्हती. स्नायू, पोट, डोके यांत ती फार मागे, पण कातडीखालच्या चरबीत त्यामानाने जवळजवळ बरोबरीची. बाहेरून कृश, आतून चरबीयुक्त. अशा शरीराला पुढे भरपूर खायला मिळाले की मधुमेह जवळ येतो. ज्या आयांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, दूध आणि फळे होती त्यांची बाळे मोठी होती. आईच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त असले, तर सहाव्या वर्षी मुलाच्या शरीरात इन्शुलिनला विरोध अधिक, असेही २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

म्हणजे शरीर जुळवून घेते हे सुखात्म्यांचे म्हणणे पूर्ण खोटे नव्हते. ते जुळवून घेते, पण उधारीवर. आणि ती उधारी वसूल होते पुढच्या पिढीकडून.

कापड्यातल्या माणसाला हे ऐकताना घरचे कोणी आठवल्यावाचून राहणार नाही. भात, नाचणी आणि कुळथाच्या पिठल्यावर वाढलेला मुलगा मुंबईला जातो. गिरणी गेली, आता वखार, गोदाम, रखवालदारी. दिवसाला दोन वडापाव, चार चहा आणि बसून काम. चाळिशीत साखर निघते. शहरातला डॉक्टर म्हणतो, खाण्यावर ताबा ठेवा. दोष त्याच्या जिभेचा ठरतो. त्याच्या आईने त्या पावसाळ्यात काय खाल्ले होते, हे केसपेपरवर विचारलेले नसते.

आकड्यांची लढाई संपलेली नाही, याचे एक ताजे उदाहरण देऊन पुढे जाऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. आधीच्या फेरीत हा आकडा ३४.४ होता. स्त्रियांतील रक्तक्षय ४८ टक्क्यांवरून ५४.२ वर गेला. देशातील पाच वर्षांखालील मुलांत तो ६७ टक्के निघाला. परंतु २०१६-१८ च्या दुसऱ्या एका सरकारी पाहणीत एक ते चार वर्षांच्या मुलांतील रक्तक्षय ४१ टक्केच होता. एका पाहणीत बोटाला टोचून थेंब घेतला होता, दुसरीत शिरेतून रक्त काढले होते. फरकाचे मोठे कारण या टोचण्यात आहे, असे शास्त्रज्ञ सांगतात. कोणत्या पातळीखाली रक्तक्षय मानायचा यावरही वाद आहे. पुढे सहाव्या फेरीतून ही तपासणीच वगळण्याचा निर्णय झाला. तो शास्त्रीय कारणाने योग्य की राजकीय कारणाने सोयीचा? याचे उत्तर देण्याची ऐपत आज आपल्या चळवळीत किती जणांकडे आहे? मोर्चा काढता येतो. पण शिरेतील आणि बोटातील रक्ताचा फरक समजणारा माणूस मोर्चात नसेल, तर मंत्रालयातला अधिकारी पाच मिनिटांत निवेदन परत करतो.

अंगणवाडीचेच घ्या. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या परिशिष्टाने सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने देण्याचे बंधन घातले. कायद्यात तो आकडा कुठून आला, पाकिटातले पीठ त्या आकड्यात बसते काय, बसले तरी दोन वर्षांचे पोर तेवढे खाऊ शकते काय, आणि जंतांनी भरलेल्या आतड्यातून त्यातले किती अंगी लागते, हे सारे पदव्युत्तर पोषणशास्त्राचे प्रश्न आहेत. विटभट्टीच्या हंगामात कातकऱ्यांची बिऱ्हाडे मुलाबाळांसह सहा-सहा महिने गावाबाहेर असतात. त्या मुलांच्या वजनाची नोंद कोणत्या वहीत होते, हा प्रश्न त्याहून साधा.

आता शिक्षणाची स्थिती. एस.एन.डी.टी.सारख्या विद्यापीठांत आणि मुंबईच्या निर्मला निकेतनसारख्या महाविद्यालयांत या विषयाचे पदव्युत्तर वर्ग आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत उपयोजित पोषणशास्त्राची एम.एस्सी. आहे, तिला देशपातळीवरची प्रवेशपरीक्षा आहे. जीवरसायनाचे विभाग तर अनेक ठिकाणी. दारे आहेत. पण दोन वर्षे मुंबईत राहण्याचा खर्च आणि त्या दोन वर्षांत बुडालेली कमाई, हे दोन्ही मिळून जो आकडा होतो तो डोंगरातल्या कुटुंबाला परवडत नाही. शिष्यवृत्तीचा विचार करताना सरकार बुडालेल्या मजुरीचा हिशोब करीत नाही. शिवाय शिकून बाहेर पडल्यावर नोकरी कुठे? सडपातळ होऊ इच्छिणाऱ्यांच्या सल्लागृहात, खाजगी इस्पितळाच्या आहारकक्षात, भुकटीच्या कंपनीत. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आहारतज्ज्ञाचे कायम पद निर्माण करा, ही मागणी आपल्या कोणत्याही जाहीरनाम्यात ठळकपणे आलेली दिसत नाही. बाजार शिक्षणाला वळण लावतो तो असा. विद्यार्थ्याला दोष देऊन काय उपयोग?

नाचणीची गोष्ट यात बसवून पाहा. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम चुना असतो, तांदळात त्याचा तिसावा हिस्साही नाही. २०२३ हे भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले, शहरातल्या दुकानांत नाचणीची बिस्किटे आली. इकडे डोंगरउतारावरची नाचणी आणि वरी लावायला हात उरले नाहीत. शास्त्राच्या बाजूने आणखी एक बारकावा आहे. नाचणीत फायटेट आणि टॅनिन असतात, ती लोहाला धरून ठेवतात आणि अंगी लागू देत नाहीत. मोड आणले, दळून सत्त्व काढले की हा अडथळा कमी होतो. बाळंतिणीला आणि तान्ह्या मुलाला नाचणीचे सत्त्व देण्याची रीत इथल्या बायकांनी कोणत्याही पदवीवाचून सांभाळली. पण किती लोह अंगी लागते, हे त्यांच्या रक्तात कोण मोजणार? मोजल्यावाचून सरकारी आहारात ते सत्त्व येणार नाही, कारण निविदेत चव लिहिता येत नाही, आकडा लिहावा लागतो.

म्हणून एक काम सुचवायचे आहे. पोलादपूर आणि महाड तालुक्यांतील बारावी विज्ञान शाखेच्या मुलामुलींची, त्यातही मुलींची, यादी कार्यकर्त्यांनी करावी. त्यांतील ज्यांना आवड असेल त्यांना बी.एस्सी.पासूनच या विषयांची माहिती, प्रवेशपरीक्षेची पुस्तके आणि मुंबईत राहण्याची सोय मिळावी. गावकऱ्यांची मंडळे मुंबईत खोल्या बाळगून आहेत, त्यांतील एखादी अशा मुलींसाठी का राखू नये? गणपतीच्या वर्गणीतून दोन जणींचा खर्च निघेल. आणि विद्यापीठांच्या पोषणशास्त्र विभागांना लिहावे की एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी एखादी विद्यार्थिनी कापड्याला पाठवा. तिने श्रावणात आणि पुन्हा शिमग्याच्या सुमारास घराघरांतले शिजलेले अन्न तोलावे, गरोदर बायकांचे रक्त तपासावे, कातकरी वाडीवर भट्टीला जाण्यापूर्वी आणि परतल्यावर मुलांची वजने घ्यावीत. लागते काय? एक चांगला वजनकाटा, महाडच्या एखाद्या प्रयोगशाळेशी करार, एस.टी.चा पास आणि एका घरातली ओसरी. राहण्याजेवण्याची जबाबदारी गावाने घ्यावी. मोबदल्यात अट एकच घालावी, की प्रबंधाचा मराठी गोषवारा ग्रामपंचायतीच्या दप्तरी जमा व्हावा आणि परीक्षकांच्या आधी तो ग्रामसभेत वाचला जावा. असे पत्र पहिल्यांदा कोणत्या ग्रामपंचायतीने पाठवायचे, एवढे आज उठण्यापूर्वी ठरले तर मसुदा संध्याकाळपर्यंत तयार होईल.